लेकीचं सीनियर इयर, कॉलेजचे अर्ज आणि आपण: मदत नेमकी कुठवर करायची?

निशिगंध | १८ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी स्वतः धागा काढतेय. कोणाशी बोलावं तेच कळेना म्हणून इथे आले.

आम्ही न्यू जर्सीत. लेक सप्टेंबरपासून बारावीत, म्हणजे सीनियर. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज) उघडलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना कॉलेज, गाडीत कॉलेज. नाशिकला आईला फोन केला तरी तिचा पहिला प्रश्न, "काय गं, कुठे ठरलं का तिचं?"

माझ्या वेळी बारावीचे मार्क आले, यादी लागली, यादीत नाव दिसलं, फी भरली. बाबा एक दिवस रजा काढून रांगेत उभे राहिले, संपलं. इथे दहा अ‍ॅक्टिव्हिटी लिहायच्या, प्रत्येकीला १५० अक्षरं. ६५० शब्दांचा मुख्य निबंध. त्यावर प्रत्येक कॉलेजचे आपापले छोटे निबंध, शिक्षकांची पत्रं, काउन्सेलरचं पत्र. मग अर्जाचे तीन प्रकार: अर्ली डिसिजन (लवकर अर्ज, मिळालं तर जायचंच), अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज, पण बंधन नाही), रेग्युलर. मला यातलं काहीही अनुभवाने माहीत नाही, आणि तरी मीच मार्ग दाखवायचा अशी माझी समजूत.

आता खरा प्रसंग. लेकीने निबंधाचं गूगल डॉक केलं होतं, मला वाचायला दिलं होतं. ती गेलं दीड वर्ष शनिवार-रविवारी पहाटे साडेपाचला एका बेगलच्या दुकानात काम करते. मला ते कधीच पटलं नव्हतं, झोप जाते, अभ्यास जातो. निबंध त्या दुकानावर! नऊ वर्षं भरतनाट्यम केलं, अरंगेत्रम झालं, रोबॉटिक्समध्ये तीन वर्षं आहे, त्यातलं एक अक्षर नाही. मी रात्री एकला बसून त्यात दुरुस्त्या सुचवल्या. शेवटी मोजल्या, एक्केचाळीस. नृत्याचा एक परिच्छेदही घातला.

सकाळी तिने एकही दुरुस्ती न स्वीकारता नवीन डॉक उघडलं आणि मला त्यातून काढून टाकलं. भांडली नाही. "आई, तो आता तुझा निबंध झाला, ठेव तुला," एवढंच म्हणाली. आज पाच दिवस झाले, आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा. मदत कुठवर करायची? हात अजिबात लावायचा नाही, की लावायचाच?

---

कैरी | १८ ऑगस्ट

अगं निशिगंध, आधी एक सांगते. बेगलचा निबंध ठेवायला सांग. दोन्ही मुलांच्या वेळी माहितीसत्रांना जाऊन बसले होते, आणि पगारी काम हे अ‍ॅक्टिव्हिटीच्या यादीत हक्काने लिहायची गोष्ट आहे हे तिथे परत परत ऐकलं. कॉमन अ‍ॅपच्या यादीत नोकरीचा वेगळा प्रकारच आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरची जबाबदारी, तेही लिहिता येतं. नृत्य आणि रोबॉटिक्स यादीत येणारच आहेत, निबंधात परत कशाला?

आणि तुला लिहायचंच असेल तर एक जागा आहे. काउन्सेलरला पत्र लिहायला मदत म्हणून बऱ्याच शाळा पालकांकडून एक फॉर्म भरून घेतात, ब्रॅग शीट म्हणतात त्याला. शिफारस अशी आहे की एका काउन्सेलरकडे २५० मुलं असावीत. आमच्या शाळेत (इलिनॉय) चारशेच्या वर होती. तो माणूस तुझ्या लेकीला कितीसा ओळखणार? तिथे लिही. मोठी विशेषणं नकोत, एखादी घडलेली गोष्ट लिही. ते खरोखर उपयोगी पडतं.

---

मोगरा७७ | १८ ऑगस्ट

वाचतेय. धाकटा आत्ता नववीत आहे आणि माझ्या छातीत आत्तापासून धडधडतंय.

---

सह्यकडा | १९ ऑगस्ट

थोडा वेगळा सूर लावतो. "मुलांचं मुलांना करू द्या" हे ऐकायला छान, पण सतरा वर्षांच्या मुलाने पाच ए-पी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय), मार्चिंग बँड आणि अकरा कॉलेजांच्या तारखा एकट्याने सांभाळाव्यात ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. आमच्याकडे कामाची वाटणी ठरली होती. शब्द मुलीचे, तारखा माझ्या. एक तक्ता केला: कॉलेज, अर्जाची तारीख, अर्जाची फी, किती छोटे निबंध, एसएटी (प्रवेशासाठीची परीक्षा) लागते का. तो भरायचं काम माझं. त्यापुढे हात नाही.

एसएटीचा रकाना तर पाहिजेच, दर वर्षी नियम बदलतात. कोविडात जवळजवळ सगळ्यांनी परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्येच ती परत आणली. यंदा डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही परत आणली. येल एसएटीऐवजी ए-पीचे गुण चालवतं. कॅलिफोर्नियाची यूसी (तिथलं राज्य विद्यापीठ) मात्र गुण बघतच नाही, पाठवले तरी. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा.

टेक्सासवाल्यांसाठी: शाळेत वरच्या ठरावीक टक्क्यांत असाल तर यूटी ऑस्टिनला (तिथलं राज्य विद्यापीठ) प्रवेश पक्का. पण कॉलेजला पक्का, हव्या त्या विषयाला नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी स्पर्धा तशीच राहते. हे आमच्या ओळखीतल्या तीन घरांना मार्चमध्ये कळलं.

आणि बोलण्याबद्दल: आमच्याकडे कॉलेजचा विषय फक्त रविवारी संध्याकाळी. कुकर लावला की सुरू, तिसरी शिट्टी झाली की बंद. बाकी सहा दिवस कोणी तोंडातून कॉलेज काढायचं नाही, आजीनेसुद्धा. बायकोची कल्पना. अतिशय चालली.

---

कैरी | १९ ऑगस्ट

कुकरची कल्पना फारच आवडली. राजमा लावला तर जास्त वेळ मिळेल :)

---

रानवारा | २० ऑगस्ट

निबंधाबद्दल सगळे बोलतील, मी पैशाबद्दल बोलते. आमची चूक तिथे झाली आणि ती मला अजून सलते.

थोरल्याला आम्ही कधी आकडा सांगितलाच नाही. "तू शिक, पैशाचं आम्ही बघू," असंच म्हणत राहिलो, आमच्या आईवडिलांनी आम्हाला तसंच सांगितलं होतं. एका खाजगी कॉलेजावर त्याचा जीव जडला. भेटीला गेलो तेव्हा तिथला स्वेटशर्ट घेतला त्याने. मार्चअखेर प्रवेश मिळाला, घरात पेढे वाटले. मग मदतीचं पत्र आलं. वर्षाला ८६ हजार डॉलर, मदत शून्य. धाकटी दोन वर्षांनी मागे होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्याला नाही म्हणालो. तो काही बोलला नाही. स्वेटशर्ट घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. आज तो राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, मजेत आहे, पण तो स्वेटशर्ट अजून तिथेच आहे. कपडे लावताना माझा हात लागतो त्याला.

म्हणून सांगते, आकडा ऑगस्टमध्येच सांगा. "आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो, वरचे कर्ज किंवा स्कॉलरशिप." मुलं समजूतदार असतात, त्यांना आधी कळलं पाहिजे.

प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न घेऊन बसा, वीस मिनिटांत अंदाज येतो. स्वतःचा धंदा असेल किंवा आईवडील विभक्त असतील तर अंदाज चुकतो, पण नोकरदार घरांना बऱ्यापैकी बरोबर येतो. काही खाजगी कॉलेजांचा एकूण खर्च यंदा ९० हजारांच्या वर गेलाय. पण छापील किंमत आणि आपल्याला पडणारी किंमत यांत घराप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेची स्कॉलरशिप मिळतच नाही, मदत फक्त गरजेवर. उलट काही राज्य विद्यापीठं गुणांवर भरपूर देतात. अलाबामा तर तक्ताच छापते, इतका जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) आणि इतकी एसएटी असेल तर इतके पैसे.

अर्ली डिसिजन म्हणजे करार. मुलगा, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या. मिळालं तर जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. किमतींची तुलना करायची असेल त्यांनी सही करण्याआधी दहा वेळा विचार करा.

---

सह्यकडा | २० ऑगस्ट

रानवारा, पोस्ट मनापासून लिहिलीत, धन्यवाद. एक भर. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर फाफ्साच्या (सरकारी मदतीचा अर्ज) हिशेबात पूर्वी सूट मिळायची, ती २०२४-२५ पासून गेली. जुळ्यांच्या पालकांना चांगलाच फटका आहे. सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा आणखी एक फॉर्म) मागणारी बरीच खाजगी कॉलेजं अजून ते धरतात, म्हणून फोन करून विचारा. फाफ्सा गेल्या वर्षी ऑक्टोबरऐवजी थेट डिसेंबरच्या शेवटी उघडला आणि मदतीची पत्रं एप्रिल-मेपर्यंत लटकली. यंदा काय होतं ते बघायचं.

---

उपनगरी | २१ ऑगस्ट

आम्ही कन्सल्टंट घेतला होता. पाच हजार डॉलर. नावं ठेवणारे ठेवतील, पण आमचा अनुभव चांगला होता, कारण त्या बाई माझ्या आणि मुलाच्या मधे उभ्या राहिल्या. माझं म्हणणं कटकट, त्यांचं म्हणणं सल्ला. घरात शांतता राहिली.

---

रानवारा | २१ ऑगस्ट

उपनगरी, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा. पण पाच हजार म्हणजे आमच्याकडे राज्य विद्यापीठातल्या एका सत्राच्या फीच्या आसपास जातात. तेच काम एखादी मावशी, एखादा कॉलेजात गेलेला मंडळातला मोठा मुलगा करू शकतो. आमच्या धाकटीचे निबंध मराठी शाळेतल्या एका ताईने वाचले, लेकीने तिचं एकेक अक्षर ऐकलं. आई सोडून कोणीही चालतं या वयात!

---

चिंचगुळ | २३ ऑगस्ट

कॅलिफोर्नियातून. यूसीचा अर्ज वेगळा, कॉमन अ‍ॅपवर नाही. एकाच अर्जात नऊही कॅम्पस निवडता येतात. शिफारसपत्रं साधारणपणे लागत नाहीत. एका मोठ्या निबंधाऐवजी आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द. यात फुलोरा चालत नाही, काय केलं आणि काय झालं ते सरळ लिहायचं. अर्ज नोव्हेंबरअखेर.

आता जे सांगायला आले ते. माझा मुलगा चारही वर्षं बी-सी ग्रेडवर राहिला. हुशार आहे, पण शाळेत मन रमलं नाही, मधे एक वर्ष तब्येतीचं गेलं. बारावीत त्याला कुठेच नीट मिळालं नाही. आम्ही त्याला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) घातलं. त्या वर्षी गणपतीला मंडळात एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अरे अरे, मग पुढे काय?" मी आरतीचं ताट हातात घेऊन उभी होते. काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

पुढे काय, तर टॅग. कम्युनिटी कॉलेजातून ठरलेले विषय, ठरलेले ग्रेड मिळवले तर सहा यूसी कॅम्पस प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजातली मुलं दर वर्षी मोठ्या संख्येने जातात. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये. लेक दोन वर्षांनी डेव्हिसला गेला. डिग्रीवर "हा दोन वर्षं दुसरीकडे होता" असं काही छापत नाहीत. आणि त्या दोन वर्षांत तो घरी होता, आमच्यासोबत जेवत होता, बरा होत होता. मला तर ती दोन वर्षं मिळाली याचंच समाधान आहे.

---

मोगरा७७ | २३ ऑगस्ट

चिंचगुळ, डोळे भरून आले वाचताना. मुलाला खूप शुभेच्छा.

---

कोकणकडचा | २४ ऑगस्ट

एक प्रश्न कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. आम्ही एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मुलगा एच-४वर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला व्हिसा). २०११ साली आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता. हायवेवरची प्रत्येक एक्झिट ओळखतो, पण कागदावर परदेशी. आमचं ग्रीन कार्ड भारताच्या रांगेत आहे आणि रांग संपायच्या आत तो २१ वर्षांचा होईल. तेव्हा एच-४ संपतो.

आम्हाला जे शोधावं लागलं ते इथे ठेवतो.

फेडरल मदत एच-४ मुलांना मिळत नाही. त्यामुळे पेल ग्रँट (गरजू मुलांना सरकारी अनुदान), फेडरल कर्ज विसरा. बऱ्याच कॉलेजांत हा मुलगा इथल्या शाळेत शिकूनही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून मोजला जातो, आणि मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटू शकते. आंतरराष्ट्रीय मुलांचा विचार करतानाही गरज न बघणारी कॉलेजं अगदी मोजकी: एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ वगैरे. राज्याच्या विद्यापीठात इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) मिळेल का, हे राज्यावर आहे. आमच्या राज्यात मिळते, पण रहिवासाचे पुरावे भरपूर मागतात.

एच-४वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. (निशिगंध, तुमच्या लेकीचं बेगलचं दुकान वाचलं तेव्हा मुलाची आठवण झाली. त्याला गावातल्या पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड व्हायचं होतं. सर्टिफिकेटही काढलं होतं.) कॉलेजात एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) घेतला तर इंटर्नशिप करता येते, पण एफ-१ घेतल्यावर काही राज्यांत इन-स्टेट फी जाते. हे गणित वकिलाला विचारूनच सोडवा, ऐकीव माहितीवर नको.

मुलाला हे सगळं आम्ही दहावीत सांगितलं. त्याने एकच विचारलं, "म्हणजे मी चूक केली का काही?" मी त्याला जवळ घेतलं. सांगणार तरी काय?

---

निशिगंध | २४ ऑगस्ट

कोकणकडचा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आम्ही या रांगेतून सहा वर्षांपूर्वी सुटलो आणि किती लवकर विसरलो. लेकीला वाचून दाखवली (विचारून). ती म्हणाली, "त्याला सांग लाइफगार्डचं सर्टिफिकेट अर्जात लिहायचं." अकरा दिवसांनंतरचं आमचं हे पहिलं मोठं वाक्य.

---

दूधसागर | २५ ऑगस्ट

मी पुण्यातून वाचतोय, मुलगी यंदाच सीईटी आणि कॅप राउंडमधून बाहेर पडली. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम लावताना मी तिच्याशी असाच भांडलो. तिला गावातलं कॉलेज आधी हवं होतं, मला मोठं नाव आधी. इथे पर्सेंटाइलच्या पुढे कोणाला काही ऐकायचं नसतं, म्हणून तुमच्याकडे मुलांना निबंध लिहायला सांगतात याचा मला हेवा वाटत होता. आता वाटतं, इतक्या कमी वयात स्वतःबद्दल लिहून ते अनोळखी माणसाकडे तपासायला द्यायचं हे सोपं नसणार.

---

टेकडीवरचे आजोबा | २६ ऑगस्ट

मी सध्या मुलीकडे मिशिगनला आलो आहे. नातही सीनियर, म्हणून धागा वाचला.

मी १९६८ साली तेव्हाची अकरावीची मॅट्रिक होऊन सांगलीला विलिंग्डन कॉलेजात गेलो. वडील तासगावहून यष्टीने माझ्यासोबत आले होते. कारकुनाने विचारलं, आर्ट्स का सायन्स? वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी सायन्स म्हणालो. त्यांनी मान हलवली. पालकाची सही त्यांना करायची होती. ती सही त्यांनी आदल्या रात्री कंदिलापाशी पाटीवर वीस-पंचवीस वेळा गिरवली होती, मी अंथरुणातून बघत होतो.

नातीने काल विचारलं, "आजोबा, तुम्हाला तुमच्या बाबांनी काय हेल्प केली?" मी तिला हे सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही.

---

कैरी | २६ ऑगस्ट

आजोबा, नमस्कार करते.

---

उपनगरी | १५ सप्टेंबर

अवांतर: कॅम्पस भेटींबद्दल कोणी लिहा की. आम्ही चार दिवसांत सहा कॉलेजं केली, गाडीत धपाटे, दाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. माहितीसत्रं दुसऱ्या दिवसापासून एकसारखी वाटायला लागली. खरी माहिती मिळाली ती जेवणघरात. मुलाने सरळ एका टेबलावर जाऊन विचारलं, "इथे बसू का? इथे तुम्हाला सगळ्यात काय आवडत नाही?" दोन मुलींनी वीस मिनिटं सांगितलं. पालकांनी त्या वेळी लांब, दुसऱ्या टोकाला बसावं. मी बसले होते.

---

चिंचगुळ | १६ सप्टेंबर

दाण्याची चटणी घेऊन गेलात हे वाचूनच तुमच्यासोबत यावंसं वाटलं. आणखी एक करा: मंगळवार-बुधवारी जा, शनिवारी नको. आणि कॅम्पसवरचे सूचनाफलक वाचा, मुलं काय करतात ते तिथे कळतं.

---

निशिगंध | १ नोव्हेंबर

रात्रीचे ११:२० झालेत. अर्ली अ‍ॅक्शनचे चार अर्ज आज गेले. शेवटच्या अर्जाला मला वर बोलावलं. "आई, पत्ता बघ फक्त. अपार्टमेंट नंबर कुठल्या रकान्यात?" मी पत्ता बघितला. पत्ताच बघितला. बटण तिने दाबलं, पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले, आणि ती पलंगावर आडवी पडून दोन मिनिटांत झोपली. पहाटे दुकानाची पाळी आहे तिची.

कुकरचा नियम आम्ही सप्टेंबरपासून लावला. सह्यकडा, तुमच्या सौ.ना माझा नमस्कार सांगा.

---

मोगरा७७ | २ नोव्हेंबर

शाब्बास लेकीला! निबंध कुठला गेला शेवटी?

---

निशिगंध | २ नोव्हेंबर

माहीत नाही. विचारलं नाही.

---

सह्यकडा | १६ डिसेंबर

हा आठवडा फार घरांत जड जातोय म्हणून लिहितो. अर्लीची उत्तरं येताहेत. भाच्याला काल डिफर केलं. ना हो, ना नाही, मार्चमध्ये परत बघू. दार लावून बसला. बहीण दर दहा मिनिटांनी दारापाशी जाऊन "बाळा, काही खाणार का?" विचारत होती.

करण्यासारखं एकच असतं, तेही लगेच नाही. आठवड्याने, सुट्टीनंतर, एक छोटं पत्र: अजून यायचं आहे, आणि अर्ज केल्यापासून नवीन काय झालं ते. एक पान पुरे. कॉलेजने पाठवू नका म्हटलं असेल तर पाठवू नये. पालकांनी प्रवेश कार्यालयाला फोन करू नये, हे हात जोडून सांगतो.

---

रानवारा | १६ डिसेंबर

आणि दाराबाहेर खाण्याचं ताट ठेवून निघून यावं. विचारू नये.

---

कैरी | ९ फेब्रुवारी २०२५

धागा वर काढतेय, कारण एक गोष्ट राहिली. मुलं या वर्षात अठरा पूर्ण करतात. त्या दिवसापासून कायद्याने प्रौढ. कॉलेजातले मार्क कॉलेज थेट आपल्याला दाखवत नाही, मुलाच्या परवानगीने दाखवतं. त्याहून महत्त्वाचं, डॉक्टरही सांगायला बांधील नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं अपेंडिक्स रात्री दोनला दुखायला लागलं, तो सातशे मैलांवर. हॉस्पिटलने फोनवर काहीच सांगितलं नाही. त्यांचीही चूक नव्हती, कागद नव्हता. ती पहाटेपर्यंत फोन हातात धरून बसली होती. हेल्थ केअर प्रॉक्सी (मुलाच्या वतीने उपचारांचे निर्णय घ्यायचा अधिकार) आणि माहिती देण्याची परवानगी, दोन्हींवर मुलांच्या सह्या घेऊन फोनमध्ये प्रत ठेवा. प्रत्येक राज्याचा आपला फॉर्म असतो.

मुलग्यांसाठी: नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असतील तर अठरा झाल्यावर ३० दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (गरज पडल्यास लष्करभरतीसाठीची सरकारी यादी) नोंदणी.

आणि दुसऱ्या सत्रात अभ्यास सोडू देऊ नका. शेवटचे मार्क कॉलेजला जातात, फारच घसरले तर प्रवेश काढून घेऊ शकतात.

---

कोकणकडचा | ३ एप्रिल २०२५

मुलाला राज्याच्या विद्यापीठात मेकॅनिकलला मिळालं, इन-स्टेट फीवर. खाजगी पाचपैकी चारांनी नाही म्हटलं, एकाने वेटलिस्ट. वकिलाच्या सल्ल्याने सध्या एच-४वरच सुरुवात, एफ-१ दुसऱ्या वर्षात. लाइफगार्डचं सर्टिफिकेट अर्जात लिहिलं होतं. निशिगंध, तुमच्या लेकीला सांगा.

---

निशिगंध | २७ एप्रिल २०२५

कोकणकडचा, सांगितलं. ती टेबलावर हात आपटून "येस!" म्हणाली.

आमचं सांगते. रटगर्सचं (आमचं राज्य विद्यापीठ) उत्तर जानेवारीच्या शेवटी आलं, हो. आणखी दोन ठिकाणी हो, एक वेटलिस्ट. जिथे तिला सगळ्यात जास्त जायचं होतं तिथून मार्चमध्ये नाही आलं. ती संध्याकाळ वाईट गेली. मी ताट दाराबाहेर ठेवलं आणि खाली आले. तासाभराने ताट रिकामं होतं.

रानवारा, आकडा आम्ही ऑगस्टमध्येच सांगितला होता, तुमची पोस्ट वाचली त्याच रविवारी. म्हणून एप्रिलमध्ये बसून तिनेच तीन पत्रांचा हिशेब केला आणि रटगर्स म्हणाली. आम्ही काही बोलायच्या आत.

माझा मूळ प्रश्न होता, मदत कुठवर. परवा मी तिलाच विचारला. तिने बोटांवर मोजून सांगितलं: तारखांचा तक्ता, परीक्षेला गाडीने सोडणं, फीचं कार्ड, अपार्टमेंट नंबर, आणि ब्रॅग शीट. ब्रॅग शीट तिने वाचली होती, काउन्सेलरने दाखवली म्हणे. त्यात मी लिहिलं होतं की दुकानातून आली की ती आधी खिशातली टिप मोजते, मग त्यातले दोन डॉलर काढून धाकट्या भावाच्या डब्यात टाकते, आणि हे तिने कधी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि काल रात्री निबंध तिने स्वतःहून वाचायला दिला. दुकानाचाच आहे. एक म्हातारे गृहस्थ रोज सहाला येतात, एकच तिळाचा बेगल घेतात आणि सुटी नाणी मोजून देतात. मागे रांग असते. त्यांची नाणी मोजून होईपर्यंत घाई न करता उभं राहायला ती कशी शिकली, एवढंच. त्यात एक ओळ आहे, "माझी आई माझ्या निबंधात एक्केचाळीस गोष्टी बदलू पाहते, कारण तिलाही मागची रांग दिसते." मी वाचलं, डॉक बंद केलं, एकही स्वल्पविराम बदलला नाही.

---

रानवारा | २७ एप्रिल

निशिगंध, ही ओळ मी माझ्या थोरल्याला पाठवली आहे.

---

मोगरा७७ | २८ एप्रिल

माझा आता दहावीत जाईल. पूर्ण धागा वाचून काढला, तक्ता बनवायला घेतलाय. डॉर्मच्या गादीला ट्विन एक्सेल चादर लागते म्हणतात, साधी ट्विन पुरत नाही हे खरं का? मोठ्या पुतणीसाठी विचारतेय, ती याच ऑगस्टमध्ये जातेय.

---

उपनगरी | २८ एप्रिल

खरं आहे. पाच इंच लांब असते. दोन संच घ्या, आणि वर आजीची गोधडी द्या. माझ्या मुलाने चादर हरवली, गोधडी नाही.